कंपनीला सरकार काय देतं, आणि नोकऱ्या कुठून येतात

‘अमुक हजार कोटींची गुंतवणूक, तमुक हजार रोजगार’ अशी बातमी आली की छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी हमखास होतात. शहराबाहेर बिडकीन-शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्याकडच्या जमिनींचे दलाल फोनवर फोन लावायला लागतात आणि आयटीआय झालेली पोरं ‘भरती कधी निघणार’ म्हणून विचारत फिरतात. दलालांचं काम लगेच होतं. पोरांना काही वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर बातमीतला आकडा बराच इकडेतिकडे झालेला असतो.

यामागे दर वेळी कुणाची लबाडीच असते असं नाही. सरकारी मदतीची रचनाच तशी आहे. ती एकदा कळली की असे मथळे कसे वाचायचे तेही कळतं.

आधी एक गैरसमज दूर करू. सरकार कंपनीच्या हातात पैशांची थैली ठेवतं आणि त्या पैशातून कारखाना उभा राहतो, असं सहसा होत नाही. कारखाना कंपनी स्वतःच्या आणि बँकेच्या पैशाने उभारते. सरकार काही पैसे घ्यायचं सोडून देतं, काही घेतलेले परत करतं आणि जमीन, रस्ता, पाणी, वीज यांची सोय आधीच करून ठेवतं. या तिन्हींचा परिणाम सारखा नसतो. माझ्या मते शहराला खरा फायदा तिसऱ्या प्रकाराने होतो, पण मथळे पहिल्या दोन प्रकारांचे होतात.

मुंबईतली गर्दी बाहेर काढण्यासाठी

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा कारखानदारी मुंबई-ठाणे पट्ट्यात साचलेली होती आणि पुण्याकडे सरकत होती. ती राज्यभर पसरावी म्हणून १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, सुरू झाली. काम सरळ होतं: जमीन ताब्यात घ्यायची, प्लॉट पाडायचे, रस्ते-पाणी द्यायचं आणि ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट उद्योजकाला द्यायचा. पण नुसता प्लॉट मिळतो म्हणून मुंबईचा कारखानदार मराठवाड्यात येईल कशाला? कच्चा माल दूर, बंदर दूर, कुशल कामगार कमी. तेव्हा १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. ‘तू मागास भागात जा, तिथे जाण्याचा जो जादा खर्च पडेल त्यातला काही आम्ही सोसतो’ हा तिचा गाभा. अनेकदा सुधारणा होऊनही तो गाभा टिकून आहे.

तेव्हाच्या औरंगाबादेत आधी चिकलठाणा वसाहत वाढली. खरं चित्र पालटलं ते १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर. मोठी कंपनी आली की तिला सुटे भाग पुरवणारे लागतात, म्हणजे इथल्या बोलीत व्हेंडर. कास्टिंग करणारा, प्रेस शॉपवाला, रबराचे भाग बनवणारा, पेंट लावणारा. एन्ड्युरन्स ही कंपनी याच काळात बजाजला ॲल्युमिनियमचे ओतीव भाग पुरवत सुरू झाली. आज तिचे कारखाने इटली आणि जर्मनीतही आहेत. सवलत दिली होती एका कंपनीला यायला, पण शहराला त्यातून मिळाला तो सुट्या भागांचा अख्खा धंदा. या योजनांचं यश मोजायचं तर हेच माप लावायला हवं.

मदत किती मिळणार हे तालुक्यावर ठरतं. राज्यातले तालुके अ, ब, क, ड आणि ड+ अशा गटांत विभागलेले आहेत. ‘अ’ म्हणजे पुढारलेले, ‘ड+’ म्हणजे सर्वांत मागे राहिलेले. विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग यांना आणखी झुकतं माप. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी आणि तितकी जास्त वर्षं. एकाच जिल्ह्यात वेगवेगळ्या गटांचे तालुके असू शकतात, त्यामुळे जागा बघायला आलेला कारखानदार रस्त्याइतकंच तालुक्याच्या हद्दीकडेही बघतो. ‘शहराच्या जवळ, पण कागदावर मागास’ ही त्याची आवडती जागा.

सवलतीचे पैसे प्रत्यक्षात कसे मिळतात

सवलतींची यादी लांबलचक आहे. प्लॉट घेताना मुद्रांक शुल्क माफ, काही वर्षं वीजबिलावरचं विद्युत शुल्क माफ, लहान उद्योगांना कर्जाच्या व्याजात आणि वीजदरात काही दिलासा. पण सगळ्यात मोठी रक्कम असते ती औद्योगिक विकास अनुदानाची. नाव जड आहे, मतलब इतकाच की कारखान्याच्या मालावर राज्याला जो कर मिळाला त्यातला काही भाग त्याच कारखान्याला परत.

पूर्वी हे विक्रीकरातून चालायचं. ‘आत्ता कर भरू नका, बिनव्याजी ठेवून घ्या, काही वर्षांनी हप्त्याने द्या’ किंवा सरळ माफी. सगळीच राज्यं असं करू लागली आणि एकमेकांची कारखानदारी ओढू लागली. कराचं उत्पन्न घटतंय हे दिसल्यावर १ जानेवारी २००० पासून विक्रीकराच्या सवलती बंद करायच्या असं राज्यांनी मिळून ठरवलं. मग करमाफी गेली आणि तिच्या जागी ‘भरलेल्या कराइतकं अनुदान’ आलं. पुढच्या दाराने निघालेला पाहुणा मागच्या दाराने आत, दुसरं काय!

२०१७ मध्ये जीएसटी आला आणि गणित बदललं. जीएसटी माल जिथे बनतो तिथल्या राज्याला मिळत नाही, जिथे खपतो तिथल्या राज्याला मिळतो. म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या २०१९ च्या आवृत्तीत अनुदान जोडलं गेलं ते महाराष्ट्रातच विकलेल्या मालावरच्या राज्याच्या वाट्याला, म्हणजे एसजीएसटीला. वाळूजमधून निघालेली मोटारसायकल बिहारमधल्या डीलरकडे गेली तर त्यातून महाराष्ट्राला कर नाही, आणि तेवढ्या विक्रीवर कंपनीला अनुदानही नाही.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत.

एका कंपनीने १०० कोटी रुपये घालून कारखाना उभा केला. तिला दहा वर्षांत जास्तीत जास्त ६० कोटींचं अनुदान मंजूर झालं. पेपरात येणार ‘१०० कोटींवर ६० कोटींची खैरात’. आता प्रत्यक्षात बघा. कंपनी महाराष्ट्रात वर्षाला ४० कोटींचा माल विकते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे राज्याचा वाटा ९ टक्के: ३ कोटी ६० लाख. यातला निम्मा परत मिळतो असं धरलं तर १ कोटी ८० लाख. दहा वर्षांचे १८ कोटी. ६० ही वरची मर्यादा होती. तिथपर्यंत जायचं तर महाराष्ट्रातली विक्री तिपटीहून जास्त व्हायला हवी. आणि सगळा माल परराज्यात जात असेल तर या एका सवलतीपुरता हिशोब शून्यावर येतो.

यात आणखी एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. गिऱ्हाईक खूश, शोरूमला गर्दी. पण राज्याचा वाटा १४ वरून ९ टक्के झाला, म्हणजे ज्याचं अनुदान त्या वाट्याला बांधलेलं आहे त्याची प्रत्येक गाडीमागची परतफेडही त्याच प्रमाणात घटली. दिल्लीत झालेल्या एका निर्णयाने राज्याने दिलेल्या आश्वासनाची किंमत बदलते, ती अशी.

वेळेचं गणित याहून चिवट आहे. मोठ्या प्रकल्पाला आधी देकार पत्र मिळतं, म्हणजे कोणत्या सवलती देऊ हे सांगणारं सरकारचं पत्र. मग जमीन, बांधकाम, यंत्रं, परवानग्या. उत्पादन सुरू झालं की पात्रता प्रमाणपत्र. त्यानंतर दर वर्षी विक्रीची आणि भरलेल्या कराची कागदपत्रं लावून क्लेम टाकायचा. तो तपासून मंजूर झाला तरी पैसे अर्थसंकल्पातल्या तरतुदीतून येतात, आणि तरतूद कमी पडली की क्लेम रांगेत. मोठी कंपनी ही रांग सोसते, कारण तिच्याकडे खेळतं भांडवल असतं आणि पाठपुराव्याला माणसं असतात. दहा-पंधरा कामगारांचं वर्कशॉप चालवणारा माणूस सकाळी मशीनवर, दुपारी बँकेत आणि संध्याकाळी पेमेंट मागायला. तो जिल्हा उद्योग केंद्राच्या चकरा कधी मारणार? कागदावर लहान उद्योगाला सवलत जास्त असली तरी ती पदरात पाडून घेणं त्यालाच जास्त जड जातं.

यंत्राला सवलत, माणसाला कमी

वरच्या हिशोबात एक गोष्ट कुठेच आली नाही: कामगार किती. अनुदानाची कमाल मर्यादा ठरते ती भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे जमीन, इमारत, यंत्रं यांवर. रोजगाराची अट असते, मोठ्या प्रकल्पांसाठी किमान रोजगाराचा आकडाही बघितला जातो. पण पैसा मुख्यतः मोजला जातो यंत्रावर. दोनशे माणसांऐवजी रोबोट बसवणाऱ्या कंपनीची गुंतवणूक वाढते, म्हणजे सवलतीची कमाल मर्यादाही वाढते.

२०२४ मध्ये याच शहराबद्दल झालेल्या दोन घोषणा शेजारी ठेवा. टोयोटा किर्लोस्करच्या प्रकल्पासाठी जुलैअखेर सामंजस्य करार झाला, तेव्हा सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक आणि ८,००० थेट रोजगार असे आकडे सांगितले गेले. म्हणजे एका थेट नोकरीमागे अडीच कोटींची गुंतवणूक. त्याच्या महिनाभर आधी एथर एनर्जीच्या विजेवरच्या दुचाकींच्या कारखान्याची घोषणा झाली होती: सुमारे २,००० कोटी आणि जवळपास ४,००० रोजगार. इथे एका नोकरीमागे ५० लाख. दोन्ही प्रकल्प बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीच्या परिसरासाठी, दोन्ही वाहन उद्योगातले, तरी पाचपटीचा फरक. मोटारीचा कारखाना वाईट असा याचा अर्थ नाही. त्याच्यामागे व्हेंडरांची मोठी रांग येऊ शकते. पण गुंतवणुकीच्या आकड्यावरून नोकऱ्यांचा अंदाज बांधायला गेलं की फसगत ठरलेली.

आणि सामंजस्य करार म्हणजे काय, तर ‘आमचा विचार आहे’ असं दोघांनी सही करून म्हणणं. कंपनी आली नाही तर दंड नसतो. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून राज्यात केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. राज्यं एकमेकांवर सवलतींचे पत्ते फेकत होती आणि खेळणाऱ्यांपैकी एक मध्येच उठून गेला.

पैसा जमिनीत घातला तर

आता तिसरा प्रकार. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग म्हणून उभी राहिली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते शेंद्र्याच्या भागाचं लोकार्पण झालं. तिची कंपनी स्थापताना ५१ टक्के वाटा एमआयडीसीचा आणि ४९ टक्के केंद्राच्या ट्रस्टचा ठेवला गेला. राज्याने मुख्यतः जमीन घातली, केंद्राने पैसा. त्या पैशातून रस्ते, जमिनीखालून जाणाऱ्या केबल, सांडपाणी शुद्धीकरण, वीज उपकेंद्रं झाली. एखादी कंपनी उद्या निघून गेली तरी हे सगळं इथेच राहतं आणि पुढच्या कंपनीला उपयोगी पडतं. करातून दिलेलं अनुदान कंपनीच्या ताळेबंदात जातं आणि तिच्याबरोबरच निघून जातं.

व्हिडिओकॉनचं उदाहरण शहराला परकं नाही. पैठण रोडवरच्या चितेगावला टीव्ही-फ्रिज बनवणारी ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एका नावावर विसंबलेल्या गावांचं, तिथल्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांचं, चहा-वडापावच्या गाड्यांचं काय होतं, ते त्या रस्त्यावर बघायला मिळालं.

याच तिसऱ्या प्रकारात आणखी दोन गोष्टी येतात आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम आणि वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर. पहिल्या ठिकाणी डाय आणि मोल्ड, म्हणजे सुटे भाग घडवायचे साचे, बनवायला शिकवतात. दुसऱ्या ठिकाणी लहान कारखानदाराला न परवडणारी तपासणीची यंत्रं भाड्याने वापरता येतात. समजा, एका व्हेंडरला मोठ्या कंपनीची ऑर्डर हवी आहे. कंपनी म्हणते, भागाचा टेस्ट रिपोर्ट आणा. ते यंत्र विकत घ्यायचं तर त्याचं वर्षाचं उत्पन्न त्यातच जाईल. सामायिक प्रयोगशाळा जवळ असेल तर काही हजारांत रिपोर्ट हातात येतो. अशा दहा ऑर्डरी शहरात टिकल्या तर त्यातून उभ्या राहणाऱ्या नोकऱ्यांची बातमी कुणी देत नाही, पण त्या टिकाऊ असतात.

वीज आणि पाणी मात्र अजून दुखऱ्या जागा आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत देण्यासाठी २०१६ पासून वर्षाला १,२०० कोटींची योजना आखली गेली. पैसा ठरावीक असला आणि वापर अमर्याद असला की जो जास्त वीज खातो तो जास्त सवलत घेऊन जातो. लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि पाच मशीनचं वर्कशॉप एकाच पंगतीत बसवले तर दुसऱ्याच्या पानात काय उरणार? पाण्याचं तर २०१६ च्या उन्हाळ्यात दिसलंच: जायकवाडी आटलं तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या बीअर आणि मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी तोडायला लावलं. घरच्या नळाला काही काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात कारखान्याला रोज पाण्याची हमी देणं हे राजकीयदृष्ट्याही सोपं नाही.

नोकरी कुणाची, कसली

बातमीतला ‘रोजगार’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टी पोटात घेऊन येतो. थेट म्हणजे कंपनीच्या गेटच्या आतले. अप्रत्यक्ष म्हणजे व्हेंडरकडचे, ट्रक चालवणारे, कँटीनवाले, सुरक्षारक्षक. अप्रत्यक्षचा आकडा अंदाजाचा असतो आणि तो फुगवणं सोपं असतं. गेटच्या आतही परमनंट थोडे. बाकी ठेकेदारी कामगार, ट्रेनी आणि ठरावीक मुदतीवर घेतलेले.

‘स्थानिकांना ८० टक्के’ ही अट खरी आहे. राज्याच्या २००८ च्या शासन निर्णयानुसार पर्यवेक्षक आणि त्यावरच्या जागांवर किमान ५० टक्के, इतर जागांवर ८० टक्के स्थानिक हवेत, आणि सवलत घेणाऱ्या कारखान्याला ही अट पाळावी लागते. फक्त स्थानिक कोण हे वाचून घ्या: महाराष्ट्रात १५ वर्षं राहणारा. म्हणजे बिडकीनच्या कारखान्यात पैठणचा मुलगा जितका स्थानिक तितकाच कोल्हापूरचा. ज्याच्या गावची जमीन गेली त्याला या अटीत वेगळी जागा नाही.

थेट माणसावर पैसा खर्च करणाऱ्या योजना वेगळ्या आहेत. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची: बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने आणि नंतर वाढवून अकरा. मुदत संपल्यावर नोकरीची हमी नाही, आणि त्यावरूनच पुढे आंदोलनं झाली.

केंद्राची प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना मला त्यामानाने जास्त नेमकी वाटते, कारण तिथे मोजमाप यंत्राचं नाही, भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचं आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात तयार झालेल्या नोकऱ्यांना ती लागू. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला एका महिन्याच्या पगाराइतके, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत: पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा वर्षभरानंतर आणि आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम केल्यावर. मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षं, आणि कारखानदारी असेल तर चार वर्षं. ५० पेक्षा कमी माणसं असलेल्याने किमान दोन आणि त्याहून मोठ्याने किमान पाच जादा माणसं घ्यायची आणि ती सहा महिने टिकवायची, ही अट. दोन पोरं वाढवणाऱ्या लहान वर्कशॉपलाही यात जागा आहे, पण त्याने पीएफ नियमाने भरला तरच.

त्यामुळे नव्याने कामाला लागणाऱ्याने पगाराच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात विचारून घ्याव्यात. आपलं नाव कंपनीच्या हजेरीवर आहे की ठेकेदाराच्या. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक, निघाला का; तो आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून स्वतःच काढता येतो. आणि पगारातून कापलेला पीएफ दर महिन्याला खात्यात जमा दिसतो का. पासबुकात सलग सहा महिन्यांच्या नोंदी नसतील तर त्या १५,००० मधला पहिला हप्ता अडकतो, आणि तो का अडकला हे सांगायला तोवर जुना ठेकेदार सापडतोच असं नाही.